रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा?

मागच्या आठवड्यात आमच्या कार्यालयात एक पत्र आले. पाकिटावर पाठविणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही. आत वहीची दोन पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. सुरुवात ‘संपादक साहेब, सप्रेम जयभीम’ अशी. मुलगा आपलाच आहे. वडील बाजार समितीत हमाल, आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, आणि मुलगा शहरातल्या शासकीय वसतिगृहात राहून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. ओळख पटेल असे तपशील आम्ही येथे बदलले आहेत. मुलगा समलिंगी आहे. त्याला मुलींविषयी नव्हे, मुलांविषयी ओढ वाटते. हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. खोलीतल्या सोबत्याने त्याचा मोबाईल उघडून पाहिला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वसतिगृहाला कळले आणि चौथ्या दिवशी गावाला.

पुढे जे झाले ते वाचून आमची मान खाली गेली. चुलते विहार समितीचे पदाधिकारी. ते म्हणाले, तू बाबासाहेबांच्या नावाला बट्टा लावलास. आईने त्याला देवऋष्याकडे नेले. ज्या घरात बावीस प्रतिज्ञांची चौकट भिंतीवर आहे, त्या घरातल्या मुलाच्या अंगावरून लिंबू उतरविले गेले! वडिलांनी उसनवारी करून एका खाजगी डॉक्टरकडे नेले. त्याने ‘सहा महिन्यांत सुधारतो’ म्हणून औषधे लिहून दिली, फी घेतली आणि लग्न करून टाका असा सल्ला दिला. मुलगा वसतिगृहात परतला. आता त्याच्या ताटाला ताट लावून कोणी जेवत नाही.

ताटाला ताट लावत नाही! हे वाक्य आंबेडकरी वाचकाला समजावून सांगावे लागू नये.

मुलाने पत्रात नोकरी मागितलेली नाही, पैसे मागितलेले नाहीत, मोर्चाही मागितलेला नाही. शेवटी एकच प्रश्न विचारला आहे. रात्री दोन वाजता नको ते विचार येतात तेव्हा फोन कोणाला करायचा? चळवळीत असे कोणी आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते, म्हणून हा लेख.

आम्हाला ठाऊक आहे, काही वाचक कपाळाला आठ्या घालतील. आरक्षण संपविले जात आहे, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, गावोगाव अत्याचार होत आहेत. अशा वेळी आंबेडकरी दैनिकाने ही असली थेरं कशाला छापावीत, असे विचारतील. हे शहरातल्या श्रीमंतांचे, इंग्रजी बोलणाऱ्यांचे चोचले आहेत, असेही म्हणतील. त्यांना आमचे उत्तर एवढेच, की पत्र हमालाच्या मुलाने लिहिले आहे. चोचला म्हणावे असे त्यात काय आहे ते दाखवा.

आणि दुसरी गोष्ट. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला तेव्हा आपण काय म्हणालो होतो? सरकारी गोटातून सांगितले जात होते की पोरगा निराश होता, वैयक्तिक कारण होते. आपण रस्त्यावर उतरून म्हणालो, ही संस्थात्मक हत्या आहे. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, २०२३ साली पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. दर वेळी व्यवस्थेने मनाच्या कमकुवतपणाकडे बोट दाखविले आणि दर वेळी आपण ते बोट व्यवस्थेकडे वळविले. माणूस आतून मोडतो तो आपोआप मोडत नाही, त्याला रोज थोडा थोडा मोडणारे कोणीतरी असते. हे ज्ञान या देशात पुस्तकातून नव्हे तर अंगावर सोसून आपण मिळविले आहे. मग तोच नियम आपल्या वसतिगृहात, आपल्या वस्तीत, आपल्या घरात लागू होत नाही काय? तेथे मोडणारे हात कोणाचे आहेत?

ज्यांना बाबासाहेबांच्या नावाला बट्टा लागल्याची चिंता आहे, त्यांनी १९३४ सालचा एक खटला जरूर माहीत करून घ्यावा.

रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक चालवीत. महाडचा सत्याग्रह १९२७ सालचा आणि हे मासिकही त्याच सालचे. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण हा मासिकाचा विषय. त्यात एक सदर वाचकांच्या पत्रांना उत्तरे देण्याचे होते. ज्या गोष्टी आईबापाला विचारता येत नाहीत, मास्तरांना विचारता येत नाहीत, डॉक्टरला विचारायची लाज वाटते, त्या गोष्टी लोक कर्व्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे सरळ भाषेत उत्तरे देत. आजच्या भाषेत बोलायचे तर ती त्या काळची हेल्पलाईनच होती. पोस्टाच्या तिकिटावर चालणारी! सनातन्यांना हे कसे खपावे? अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३१ साली कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसऱ्या खटल्यात ते पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, आणि हे दुसरे प्रकरण वाचकांच्या याच प्रश्नोत्तरांवरून उभे केलेले होते.

त्या वेळी कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. पुणे कराराला दोन वर्षेही झाली नव्हती. गोलमेज परिषदा नुकत्याच उरकल्या होत्या. कामाचा डोंगर डोक्यावर होता. कर्वे जन्माने चित्पावन. त्यांचा खटला घेऊन बाबासाहेबांना राजकीय लाभ शून्य होता, उलट बदनामीच पदरात पडण्याची शक्यता. तरी त्यांनी वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळे अश्लील ठरत नाही, आणि वाचक खरोखरच प्रश्न विचारीत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे की विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, गप्प बसून नव्हे. समलिंगी ओढीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार दिला. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

खटला हरला हे खरे. पण नव्वद वर्षांपूर्वी एकट्या पडलेल्या, लाजेने कुढणाऱ्या माणसाच्या पत्राला उत्तर मिळण्याचा हक्क आहे म्हणून या देशाच्या घटनेचा शिल्पकार न्यायालयात उभा राहिला, हेही तितकेच खरे. आज त्याच माणसाच्या अनुयायांच्या वसतिगृहातून तसेच पत्र येते आणि आपण लाज वाटल्यासारखे इकडेतिकडे पाहतो. चुलत्यांना सांगावेसे वाटते की बट्टा लागलाच असेल तर तो मुलामुळे लागलेला नाही.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना अजून वाटते की हा गुन्हा आहे. तो गुन्हा नाही. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सज्ञान व्यक्तींच्या परस्पर संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरविले. त्या निकालात बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणातील संवैधानिक नैतिकतेचा विचार पायाशी घेतला होता. समाजाची नैतिकता वेगळी आणि संविधानाची नैतिकता वेगळी; दोहोंत झगडा झाला तर न्यायालयाने संविधानाच्या बाजूने उभे राहायचे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरविला. ही माणसे मूठभर आहेत, असेही कारण दिले. हक्क डोकी मोजून द्यायचे हे तर्कट आपण चांगले ओळखतो! शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती चूक दुरुस्त केली आणि पुन्हा संवैधानिक नैतिकतेचाच हवाला दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. तृतीयपंथी व्यक्तींचे मूलभूत हक्क त्याआधीच, १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने मान्य झाले होते. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. ती लढाई बाकी आहे.

हे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. मोबाईलवर ओळख काढून, भेटायला बोलावून, ‘घरी सांगतो, पोलिसात देतो’ अशी धमकी देऊन पैसे उकळणाऱ्या टोळ्या शहरोशहरी पकडल्या गेल्या आहेत. त्यांचा सगळा धंदा मुलांच्या अज्ञानावर आणि भीतीवर चालतो. धमकी देणारा गुन्हेगार आहे, मुलगा नव्हे. ही एक गोष्ट जरी वसतिगृहांतून सांगितली गेली तरी कितीतरी मुलांचा गळफास सैल होईल.

आता मानसिक आरोग्याच्या कायद्याकडे येऊ. २०१७ साली संसदेने मानसिक आरोग्य सेवा कायदा केला. त्याचे कलम १८ आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. प्रत्येक व्यक्तीला परवडणाऱ्या दरात, चांगल्या दर्जाची, जवळ उपलब्ध असणारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क हे कलम देते. आणि ती देताना ज्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही त्यांच्या यादीत लिंगभाव आहे, लैंगिक कल आहे, धर्म आहे, वर्ग आहे आणि जातही आहे. जात आणि लैंगिक कल एकाच वाक्यात! आपले काही विद्वान म्हणतात हे दोन प्रश्न वेगळे आहेत. कायदा करणाऱ्यांना ते एका ओळीत बसलेले दिसले. याच कायद्याने आणखी एक मोठे काम केले. स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला आरोपी न समजता तो असह्य ताणाखाली होता असे गृहीत धरायचे, आणि त्याची काळजी घेण्याची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची. म्हणून ‘दवाखान्यात नेले तर पोलीस केस होईल’ या भीतीने कोणाला घरात कोंडून ठेवू नका. ताबडतोब न्या.

हक्क कागदावर आहे. प्रत्यक्षात काय? या देशात दर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पुरा येत नाही. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार. ती येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, पण तेथे रांगेत उभे राहिल्यावर गावचा कोणी पाहील ही भीती वेगळीच. २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ लोकांनी आपले जीवन संपविल्याची नोंद सरकारी गुन्हे नोंदणी विभागाने केली. त्यांत महाराष्ट्र २२ हजार ७४६ या आकड्याने सर्वांत वर. यांतील सर्वांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता. म्हणजे कोणाचा, हे वेगळे सांगायला नको. या मृतांत समलिंगी मुलेमुली किती होती, हे कोणालाच माहीत नाही, कारण ते मोजलेच जात नाही. घरचे सांगतात परीक्षेत नापास झाला, पोटात दुखत होते, आणि फाईल बंद होते.

आणि डॉक्टर? ‘सहा महिन्यांत सुधारतो’ म्हणणारा डॉक्टर नियमबाह्य काम करीत होता, हे त्या हमाल बापाला कोणी सांगावे? जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली जाहीरपणे सांगितले की हा आजार नाही. केरळातील एका तरुण विद्यार्थिनीवर तिला ‘बदलण्यासाठी’ सक्तीचे उपचार झाले. आपल्यावर काय गुदरले ते तिने स्वतः सांगितले होते. २०२० साली गोव्यात तिचा मृत्यू झाला आणि या उपचारांविरुद्ध देशभर आवाज उठला. पुढच्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे घरच्यांच्या भीतीने पळून आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण आले. या न्यायमूर्तींनी काय केले? आपल्याला या विषयातले कळत नाही असे मोकळेपणाने मान्य केले, स्वतः मानसतज्ज्ञांकडे बसून समजून घेतले आणि मग निकाल दिला. ७ जून २०२१ च्या त्या आदेशाने बदलण्याच्या नावाखाली होणाऱ्या उपचारांना मनाई केली. त्या प्रकरणातूनच २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे डॉक्टरी पेशातील गैरवर्तन असल्याचे कळविले. तेव्हा अशा डॉक्टरविरुद्ध राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. ती करायला त्या बापाच्या सोबत आपल्यापैकी एखादा शिकलेला माणूस गेला पाहिजे, एवढेच.

उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती ‘मला कळत नाही, मी शिकतो’ म्हणू शकतो. आमच्या विहार समितीचे पदाधिकारी म्हणू शकत नाहीत!

समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांचे काम आम्ही कमी लेखीत नाही. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ साली उभा राहिला, तेव्हा कायदा विरोधात होता. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला आणि हा विषय मराठीत आणला, मराठीत पुस्तके लिहिली. नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आयकॉल’ ही फोनवरून समुपदेशनाची सेवा सुरू केली. या लोकांनी कितीतरी जीव वाचविले असतील, त्याचा हिशेब कोठे लिहिलेला नसतो.

परंतु जात तेथेही चपला बाहेर काढून शिरते असे नाही. २०१५ साली मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी वर पाहिजे म्हणून जाहिरात दिली. देशभर कौतुक झाले, आणि आईचे धाडस कौतुकाचे होतेच. पण त्या जाहिरातीतसुद्धा जातीची अट नाही असे म्हणून पुढे आपल्याच पोटजातीला पसंती कळविलेली होती. सगळी बंधने तोडली, एक सोडून! आमचा मुलगा अशा बैठकीत गेला तर त्याला पहिल्यांदा आडनाव विचारले जाते, मग कॉलेज, मग इंग्रजी. वस्तीत तो समलिंगी म्हणून एकटा आणि तेथे दलित म्हणून एकटा. दोन्हीकडची दारे अर्धी उघडी, आणि अर्ध्या दारात माणूस किती वेळ उभा राहील?

म्हणूनच २०१५ सालापासून दिल्लीच्या अभिमान यात्रेत काही तरुणांनी आपण दलित आहोत आणि समलिंगीही आहोत असे फलक उघडपणे धरले. तामिळनाडूत ग्रेस बानू यांनी तृतीयपंथी व्यक्तींना आरक्षण जातीच्या प्रवर्गातल्या प्रवर्गात मिळाले पाहिजे अशी मागणी लावून धरली. सरसकट इतर मागास म्हणून टाकले तर दलित तृतीयपंथी दोन्हीकडून जाईल हे त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. आपल्या महाराष्ट्रात दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शमिभा पाटील यांना त्याच पक्षाने रावेरमधून उमेदवारी दिली. मोठमोठ्या पुरोगामी पक्षांना जे सुचले नाही ते आंबेडकरी राजकारणाने करून दाखविले, याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र व्यासपीठावर एकाला बसविणे आणि वसतिगृहातल्या मुलाच्या ताटाला ताट लावणे या दोन गोष्टी आहेत. दुसरी जास्त अवघड आहे.

मुलींचे तर आणखी कठीण. मुलगा निदान शहरात पळून जाऊ शकतो. मुलीला कोंडतात, मोबाईल काढून घेतात आणि महिन्याभरात लग्न लावतात. दोन मुली पळून गेल्या तर अपहरणाची तक्रार होते, पोलीस पकडून आणतात आणि ‘समुपदेशन’ करून घरी पाठवितात. ११ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात सगळ्या न्यायालयांना स्पष्ट बजावले आहे की अशा व्यक्तीचा कल बदलण्यासाठी समुपदेशनाचा वापर करायचा नाही आणि तिची स्वतःची इच्छा काय ते घरच्यांच्या दडपणाशिवाय ऐकायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. दूरध्वनी १५१००. तालुका न्यायालयातही याचे कार्यालय असते. हा हक्क आपले लोक वापरीतच नाहीत.

लग्न लावून टाकण्याच्या ‘उपाया’बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. काही उपासक या मुलांना तिसऱ्या शीलाचा दाखला देतात. आम्ही विचारतो, मुलाचा कल ठाऊक असताना एका अजाण मुलीच्या गळ्यात त्याला बांधणे, तिला आयुष्यभर कळू न देणे, मूल होत नाही म्हणून तिलाच बोल लावणे, हा मिथ्याचार नव्हे काय? दोन सज्ञान माणसांच्या प्रामाणिक प्रेमात फसवणूक नाही. फसवणूक त्या मांडवात आहे. त्या मुलीचे आईबापही हमालच असतात.

आता मूळ प्रश्नाकडे. फोन कोणाला करायचा?

पहिले उत्तर सरकारी आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली-मानस ही सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. जीव धोक्यात असेल तर ११२. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी १०९८. हे आकडे प्रत्येक वसतिगृहाच्या, विहाराच्या, वाचनालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागले पाहिजेत. पलीकडचा समुपदेशक कधी चांगला भेटेल, कधी या विषयात अडाणी भेटेल. अडाणी भेटला तर फोन ठेवून पुन्हा लावायचा, दुसरा माणूस येतो. ‘लग्न कर, ठीक होईल’ असे कोणी म्हणाले तर चूक सांगणाऱ्याची आहे, एवढे मुलाला आधीच माहीत असावे.

दुसरे उत्तर सरकारकडे मागायचे आहे. मागासवर्गीय मुलामुलींची शासकीय वसतिगृहे सामाजिक न्याय विभागाची. तृतीयपंथीयांच्या कल्याणाचे कामही त्याच विभागाचे. मग प्रत्येक गृहपालाला या विषयाचे प्रशिक्षण देण्याचा एक आदेश काढायला अडचण कोणती? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ सालीच रॅगिंगच्या नियमांत लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणारा छळ घातलेला आहे. म्हणजे मोबाईल उघडून गावभर करणारा तो सोबती आणि जेवणातून उठविणारी ती मुले रॅगिंग करीत आहेत. आमच्या विद्यार्थी संघटनांनी शिष्यवृत्तीच्या निवेदनात ही एक मागणी जोडावी. वेगळा मोर्चा काढायची गरज नाही.

तिसरे उत्तर आपण स्वतः आहोत, आणि आमचा खरा भरवसा तेथेच आहे. १४४१६ वरचा माणूस रात्री ऐकून घेईल. सकाळी वसतिगृहाच्या दारात येऊन ‘चल, चहा घेऊ’ असे तो म्हणू शकत नाही. ते वस्तीतल्या माणसानेच म्हणायचे असते. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण प्रत्येक घर पायाखाली घालतो. दंगल झाली, घर जळाले, तर एका फोनवर पन्नास पोरे गोळा होतात. मनावर दरोडा पडतो तेव्हा एक माणूस का मिळू नये? प्रत्येक तालुक्यात एक ताई आणि एक भाऊ एवढेच हवे आहेत. त्यांनी डॉक्टर व्हायचे नाही, ऐकायला शिकायचे. जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकाला विहारात बोलवून दोन दिवसांचे शिबिर घ्या; धम्म परिषदेच्या मांडवाच्या खर्चात अशी दहा शिबिरे होतील.

काय शिकायचे? फार थोडे. समोरच्याला विषय बदलू न देता बोलू द्यायचे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारायचे. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते येत नाही, उलट ओझे हलके होते. उत्तर होय आले तर त्या रात्री त्याला एकटे सोडायचे नाही, घातक वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत, आणि सकाळी जिल्हा रुग्णालयात स्वतः सोबत जायचे. उपदेश करायचा नाही. आणि त्याने सांगितलेले पान टपरीवर न्यायचे नाही. हे शेवटचे आपल्याला सर्वांत जड जाईल, कारण आपल्या वस्तीत गुपित टिकत नाही. ज्याला ते जमणार नाही त्याने या कामात पडू नये, वर्गणी गोळा करावी.

चुलत्यांवर आम्ही रागावलो आहोत, पण त्यांना टाकलेले नाही. देवऋष्याकडे जाणारी आई मुलावर प्रेम करते म्हणूनच गेली. तिला दुसरा रस्ता कोणी दाखविला नव्हता. महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय एकदा निघू द्या. घरात कोणी असे आहे असे सांगणारी एखादी आई त्याच बैठकीत निघेल. ती कदाचित पहिल्या बैठकीत बोलणार नाही.

पत्र लिहिणाऱ्या मुलास : तुझे पत्र मिळाले. तू आजारी नाहीस आणि तू कोणाचे नाव घालविलेले नाहीस. आज रात्री १४४१६ लाव. कार्यालयाचा पत्ता तुझ्याजवळ आहेच, ये. आडनाव सांगू नकोस, कारणही सांगू नकोस. दारावर ‘दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी’ एवढेच म्हण, आत पाठवतील. दुपारी एकनंतर आम्ही सगळे येथेच जेवतो, डबे एकत्र उघडून. यायला जमले नाही तर पुन्हा पत्र लिही, उत्तर याच जागी छापू. आणि याच अवस्थेत असलेले जे कोणी हा लेख लपून वाचीत असतील, त्यांच्यासाठीही पत्ता तोच आहे.